ओर पुरो नोबीस

मी गाव सोडला त्या दिवशी मला पोचवायला अख्खा गाव एस्टीच्या थांब्यावर लोटला होता, असं मी गोव्यात, सर्वण गावात सगळ्यांना सांगत आलो आहे. सावंतवाडीकडच्या माझ्या गावच्या मंडळींनो, तुम्हीही हे वाचणार म्हणून इथे थोडं आवरतं घेतो. त्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. पण गर्दी होती हे खरं, आणि तिच्यातल्या दोघांनी तरी माझ्याकडे बघून हात केला. त्यातला एक मला कंडक्टर समजला होता.

आम्ही किरिस्तांव, म्हणजे ख्रिस्ती. आमच्यात आईला माय म्हणतात आणि वडिलांना पाय. मराठी शाळेत 'माझे वडील' या निबंधात मी 'माझे पाय फार तापट आहेत, संध्याकाळी ते जास्तच तापतात' असं लिहिलं, तेव्हा गुरुजींनी मला दवाखान्यात न्या म्हणून घरी निरोप धाडला होता. तर माय आणि पाय दोघंही थांब्यावर आली होती. मी हात जोडून बेसांव मागितला. बेसांव म्हणजे आशीर्वाद. आमच्यात तो मागावा लागतो, आपोआप मिळत नाही. मायनं माझ्या कपाळावर बोटानं खुरीस, म्हणजे क्रूस काढला, कोलंबीच्या लोणच्याची बरणी हातात दिली आणि म्हणाली, "तेर्स चुकवू नको." तेर्स म्हणजे संध्याकाळची जपमाळ. मी मान डोलावली. ती मी गावात असतानाच चुकवत होतो, त्यामुळे नवी सवय लावायची नव्हती.

पायांनी बेसांव दिला तो असा: "नाताळाक परत येतलंस तू. वळकटीसकट."

माणसाला आयुष्यात एक ध्येय लागतं. माझ्या पायांनी ते मला एस्टीच्या खिडकीतून आत टाकलं. मी ठरवलं, गावी सणाला येईन, लग्नाला येईन, मयताला येईन, पण वळकटी घेऊन येणार नाही.

दोडामार्गावरून डिचोलीत उतरलो तेव्हा डिचोली लाल होती. रस्ता लाल, झाडं लाल, कुत्री लाल. कोंबड्या लाल अंडी घालत होत्या असं मी म्हणणार नाही, पण तिथलं अंडं पांढरं असतं हे मला ते धुतल्यावर कळलं. खाणीतून लोखंडाची माती निघायची, तिला लहानथोर सगळे ओर म्हणायचे, आणि ती ट्रकात भरून आमोण्याला नदीच्या धक्क्यावर नेऊन ओतायची, की पुढे बार्ज घेऊन जायचं. ट्रकांची रांग एवढी लांब असायची की पहिल्या ट्रकवाल्यानं कांदा चिरला तर शेवटच्याच्या डोळ्यांत पाणी यायला दुपार व्हायची. मी त्या रांगेत शिरलो. ट्रक मालकाचा, धूळ माझी, अशी वाटणी होती आणि दोघंही खूश होतो.

राहायला जागा मिळाली सर्वणात, एस्पेरान्सबायच्या घरामागच्या दोन खोल्यांपैकी एकीत. एस्पेरान्सबाय ही विधवा म्हातारी, उंचीनं माझ्या कोपरापर्यंत आणि आवाजानं इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या घंटेपर्यंत. तिच्या अंगणात चुना लावलेला खुरीस होता. तिच्या पोर्तुगीज नावाचा अर्थ आशा, असं तिनंच आम्हाला सांगितलं. त्यावर शेजारच्या खोलीतला गोपाळ म्हणाला, "मगे सरळ आशाबाय म्हणा. त्या नावात जीभ अडाकता."

हा गोपाळ दोडामार्गाकडचा, हिंदू, माझ्यासारखाच ट्रक ड्रायव्हर. त्याच्यात एक मोठा दोष आहे आणि तो मी पुष्कळ वर्षं सहन केला: तो खोटं बोलत नाही. मी चहाच्या टपरीवर सांगायचो की काल उतारावर ब्रेक गेले आणि मी ट्रक नुसत्या शिट्टीवर थांबवला. सगळे कान टवकारायचे. मग कोपऱ्यातून गोपाळ म्हणायचा, "काल ह्याचो ट्रक गॅरेजात होतो." अशा माणसाशी मैत्री करणं म्हणजे अंगरख्यात खाजकुयली घालून फिरणं. पण सकाळी पाववाला पोदेर सायकलचा भोंगा वाजवत आला की माझ्या वाट्याची गरम पोई गोपाळच घेऊन ठेवायचा. पोई म्हणजे भाकरीची शहरात शिकलेली बहीण, असं तो म्हणायचा. पुढे मी लग्न करून फिलूला आणलं, त्यानं सुषमाला आणलं, आणि दोन खोल्यांच्या मध्ये जी भिंत होती ती नावापुरती उरली. इकडे माशाला फोडणी पडली की तिकडे शिंक यायची.

आता धर्माचं सांगतो. गावात रविवारी मिसा, म्हणजे प्रार्थना चालू असताना मी इगर्जीबाहेर उभा राहून सायकलींवर लक्ष ठेवायचो. एकही सायकल कधी चोरीला गेली नाही. तेवढीच माझी धर्मसेवा. गावात आमची माणसं पुष्कळ, त्यामुळे एक सांतान आत नसला तरी देवाचं अडत नव्हतं. इथे गोष्ट वेगळी झाली. त्या टपरीवरच्या सगळ्या ड्रायव्हरांत किरिस्तांव मी एकटा. पहिल्या आठवड्यातच त्यांनी माझं नाव पाद्री ठेवलं. नवा ट्रक आला की "रे पाद्री, जरा तुझ्या देवाक सांग" म्हणून मला बोलावणं. आधी नारळ फुटायचा, मग मी बोनेटवर खुरीस काढायचो. देवाला इतकं कमी ओळखणाऱ्या माणसानं देवाची एवढी ओळखपत्रं वाटल्याचं दुसरं उदाहरण नसेल.

एस्पेरान्सबायनं मला पकडलं ते लादाइनीसाठी. मे महिन्यात तिच्या अंगणातल्या खुरसापुढे लादाइन व्हायची. एकानं देवाच्या आईला एकेका नावानं हाक मारायची, आणि बाकीच्यांनी प्रत्येक हाकेला एकच जवाब द्यायचा, लॅटिनमधून, सूर लावून: "ओरा प्रो नोबीस." हाका पुष्कळ, त्यामुळे जवाबही पुष्कळ. शेवटी खोबऱ्याचे तुकडे घातलेले उकडलेले चणे, आणि ज्याला चालते त्याला थोडी फेणी. चण्यांचा वास ड्रायव्हरांपर्यंत गेला आणि दुसऱ्याच वर्षी अंगणात एवढी गर्दी झाली की माझ्या मते खुरीसच थोडा मागे सरकला.

गोपाळचा आवाज भजनात कमावलेला. पहिल्या दोन हाका त्यानं ऐकून घेतल्या, तिसरीला तो सगळ्यांच्या वर गेला. पण त्याच्या तोंडून आलं ते असं: "ओर पुरोऽ नोबीस." हां हां म्हणता सगळे ड्रायव्हर तेच म्हणायला लागले. चणे खाताना त्यानं मला बाजूला घेतलं.

"रे पाद्री, ह्या ओर पुरो म्हंजे काय?"

मी ते लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्याला अर्थ असतो आणि तो विचारायचा असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पण अख्ख्या किरिस्तांव जातीची अब्रू त्या क्षणी माझ्या अंगावर होती.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"ओर पुरो पडांदे, असाच मा? कमी पडा नये."

"तू हुशार आहेस, गोपाळ," मी म्हणालो, आणि ह्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

झालं. त्या वर्षापासून लादाइन ही ट्रकवाल्यांची झाली. किरिस्तांवांनी खाणीतलं ओर पुरावं म्हणून खास प्रार्थना ठेवली आहे, ही बातमी पाळी गावापर्यंत गेली. लोक हार आणायचे, अगरबत्ती लावायचे. एस्पेरान्सबाय म्हणायची, "कितें तो भक्तिभाव ह्या हिंदू भुरग्यांचो," आणि डोळे पुसायची. ओर पुरत होतं. ट्रक पळत होते. देव ऐकतोय ह्याबद्दल कोणाला शंका नव्हती, मला तर नव्हतीच. भरल्या ट्रकात बसून श्रद्धा ठेवायला फार कष्ट लागत नाहीत.

आणि मग खाणी बंद झाल्या.

का आणि कशा, ते वर्तमानपत्रांत आलंच आहे. आम्हाला कळलं फाटकावर चिकटवलेल्या कागदावरून. सगळे कागदापुढे उभे होतो. एरवी मी अशा वेळी काहीतरी फेकलं असतं. काही सुचलं नाही. ट्रक माळावर ओळीनं उभे राहिले. पावसाळ्यानंतर त्यांच्या चाकांवरून वेली चढल्या आणि आरशांमागे मैना घरटी करायला लागल्या. धूळ हळूहळू बसली. एक दिवस फिलूनं दोरीवरचे कपडे काढले तर ते पांढरे होते. इतक्या वर्षांत सर्वणात आमचे कपडे पहिल्यांदाच पांढरे वाळले होते. त्यांच्याकडे बघून ती रडायला लागली.

गोपाळ खोलीत बसून राहिला. हा माणूस आधीच कमी बोलणारा, आता तेवढंही बंद. मग एका दुपारी तो माझ्या उंबऱ्यावर आला आणि म्हणाला, "रे सांतान, माका कळला."

"काय कळलं?"

"पुरो म्हंजे पुरो पडणा नाय. हंयच्या कोकणीत पुरो म्हंजे बस्स. जेवताना आशाबाय काय म्हणता? वाढू गेलंस की 'पुरो, पुरो' म्हणता. म्हंजे इतकी वर्षां आपण सगळे हात जोडून काय म्हणी होतो? ओर पुरो. ओर बस्स झाला. आणि फुडचा नोबीस नाय ता." तो थांबला. "ता नोटीस."

मी हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. कारण गोपाळ हसत नव्हता. आणि हिशेब चोख बसत होता. ओर पुरो, नोटीस. त्या अंगणात वर्षानुवर्षं शंभर घसे ताणून आम्ही हेच मागितलं होतं आणि देवानं ते शब्दशः दिलं होतं. हे टपरीवर पोचायला चहा उकळायचा तेवढा वेळ लागला. अर्धे लोक हसले, अर्धे हसले नाहीत, आणि हसलेले अर्धेसुद्धा दुसऱ्या दिवसापासून खुरसासमोरून जाताना रस्त्याची पलीकडची बाजू धरायला लागले.

माझं म्हणाल, तर मी काम शोधायला निघालो. तुम्ही मला ओळखता, माझं तोंड कधी अडलेलं तुम्हाला आठवणार नाही. डिचोलीत एका हॉटेलवाल्याकडे गाडी होती, ड्रायव्हर नव्हता. मी वाटेत सगळं भाषण पाठ केलं. त्याच्या गल्ल्यापुढे उभा राहिलो, त्यानं "काय पाहिजे?" विचारलं, आणि माझी जीभ टाळूला चिकटली. 'मला काम द्या' हे साधे तीन शब्द, पण बाहेर येईनात. शेवटी लाज राखायला मी म्हणालो, "एखादा चांगला ड्रायव्हर असेल तर सांगा." तो म्हणाला, "असेल तर मला सांग, मलाच पाहिजे." त्यावर मी "बघतो" म्हणून बाहेर आलो. म्हणजे मी काम मागायला गेलो आणि त्याला ड्रायव्हर शोधून द्यायचं कबूल करून परतलो. पुढच्या दोन ठिकाणी ह्याच्यापेक्षा वाईट झालं, ते सांगत नाही.

दुसऱ्यांबद्दल डोंगराएवढं बोलणारा माणूस स्वतःसाठी चिमूटभर मागताना मुका होतो, हे मला तेव्हा कळलं. संध्याकाळी फिलू जपमाळ घेऊन बसायची. मी बाहेर पायरीवर. आत यायला ती सांगायची नाही. एक दिवस ती म्हणाली, "गावी जाऊया. शेतीचा तुकडा आहे. तुझे पाय काय बोलायचे ते बोलोत." मी माळ्यावरून वळकटीची दोरी काढली. मे महिना लागला होता. लादाइन झाली की जायचं, असं ठरवलं. त्याआधी गेलो असतो तर म्हातारीला एकटीनं खुरसाला चुना लावावा लागला असता.

लादाइनीच्या सकाळी मी चुना लावत होतो आणि एस्पेरान्सबाय पायरीवर चणे निवडत होती. तेवढ्यात गोपाळ आला. त्याच्यामागे फाटकाबाहेर चार-पाच ड्रायव्हर, आत न येता उभे. गोपाळनं घसा साफ केला.

"बाय, एक विनंती असा. वायट वाटून घेव नको. औंदा लादाइन करा, पण तेवढा ओर पुरो वगळा."

"कितें वगळूं?"

"ओर पुरो. नायतर दुसरा काय तरी म्हणा. ओर येवंदे, असा काय तरी."

एस्पेरान्सबायनं माझ्याकडे बघितलं. मी चुन्याच्या डब्यात बघितलं. मग गोपाळनं तिला सगळं सांगितलं, पुरो पडण्यापासून नोटिशीपर्यंत, एकही शब्द न गाळता, त्याच्या त्या सत्यवचनी पद्धतीनं. मला वाटलं म्हातारी आता रागानं खाली कोसळते. तिनं सूप बाजूला ठेवलं, पदर तोंडाला लावला आणि ती हसायला लागली. एवढी हसली की कवळी चण्यांत पडली. ती धुऊन परत बसवेपर्यंत फाटकाबाहेरचे ड्रायव्हर आत येऊन उभे राहिले होते.

"अरे पुता," ती गोपाळला म्हणाली, "ओर कसलो? ओरा. ओरा म्हणजे मागणें कर. प्रो नोबीस म्हणजे आमचे खातीर. आमचे खातीर मागणें कर, देवाकडे. म्हजे पाय इगर्जींत मेस्त आशिल्ले, गायन शिकयताले. माका लॅटिन येना, पूण इतलें येता."

गोपाळनं विचार केला. "म्हंजे आपण देवाकडे मागणा नाय. त्याच्या आवशीक सांगतो, तू आमच्यासाठी शब्द टाक."

"हय."

"म्हंजे वशिलो."

मला वाटलं आता ती चिडेल. पण ती म्हणाली, "वशिलोच रे. आनी कितें?"

मागून एक ड्रायव्हर म्हणाला, "मग आधी सांगायचं ना. वशिला आम्हाला कळतो." गोव्यात ज्याला वशिला कळत नाही तो माणूस अजून जन्माला यायचा आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ख्रिस्ती धर्मातली एक गोष्ट त्या फाटकापाशी सगळ्यांना एकदम समजली, मलासुद्धा.

एस्पेरान्सबायनं सूप परत मांडीवर घेतलं. बोलता बोलता ती चणे निवडतच होती. स्वतःसाठी मागताना माणसाची जीभ जड होते, ती म्हणाली, देवाला हे ठाऊक आहे. म्हणून तर दुसऱ्यानं मागायची रीत ठेवली आहे. आणि ही लादाइन सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघ, तिच्यात 'माका' हा शब्दच नाही. सगळीकडे आमकां, आमचे खातीर. नवरा गेला त्या वर्षी तिच्या अंगणात कोणी नव्हतं. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. तेव्हा तिनं एकटीनं लादाइन म्हटली. हाकही तीच मारायची आणि जवाबही तीच द्यायची. पण तेव्हासुद्धा ती 'आमचे खातीर' असंच म्हणाली, कारण शब्द तसेच होते, बदलणार कसे?

"एकटीच आसून आमकां म्हणपाक लज दिसताली," ती म्हणाली. "मागीर तुमी आयले."

तिनं गोपाळकडे सूप सरकवलं. "बस. खडे काड. सांजेर तुवें जवाब दिवचो, बरोबर म्हणून."

संध्याकाळी अंगण भरलं. चणे कमी होते, तर सुषमानं घरची चवळी उकडून आणली आणि कोणाच्या तरी परसातले नारळ आले. म्हातारीनं पहिली हाक मारली. गोपाळनं जवाब दिला, "ओरा प्रो नोबीस", एकेक अक्षर सुटं करून, परीक्षेला बसल्यासारखा. मागून सगळे. त्यांच्यात मी होतो. मी कधीच प्रार्थना केली नव्हती अशातला भाग नाही, पण आजवर तोंड चालत होतं आणि मन सायकली राखत होतं. त्या संध्याकाळी दोन्ही एकाच जागी आली. शेजारी बेकार ड्रायव्हर ओळीनं उभे होते, ज्यांच्यासाठी मी मागत होतो आणि जे माझ्यासाठी मागत होते, बहुतेकांना येशूच्या आईचं नावही धड माहीत नसताना. मला काही चमत्कार दिसला नाही. दिसला असता तर मी तो तुम्हाला वाढवून सांगितला असता. एवढंच झालं की बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदा मी पोटभर खाल्लं, तेही चवळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोपाळ दारात उभा. दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा.

"चल."

"कुठे?"

"तुझो वशिलो लावूक. स्वतःसाठी माका मागाक जमणा नाय. तुझ्यासाठी जमतला. मगे तू माझ्यासाठी बोल."

फिलूनं वळकटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि माझा धुतलेला शर्ट काढून दिला. पांढरा.

आधी आम्ही एका शाळेत गेलो. शाळेच्या बसला ड्रायव्हर हवा होता. आमच्याकडे तिला बालरथ म्हणतात. शाळा बघणाऱ्या एक वयस्कर सिस्टर होत्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. मी गप्प बसायचं असं ठरलं होतं. गोपाळ उभा राहिला आणि म्हणाला, "सिस्टर, ह्यो सांतान. ह्यो खोटा भरपूर बोलता."

मी डोळे मिटले.

"पण गाडी चालवताना ह्यो गप असता. इतकी वर्षां मी ह्याच्या मागसून ट्रक चालवलंय. रस्त्यात गुरां इली तर सगळे हॉर्न मारीत, ह्यो इंजन बंद करून थांबा. एकदा साळंदरासाठी थांबलो, तर मागे सगळी रांग थांबली. आमी ह्याका शिव्या घातल्यो. माझा पोरगा मी ह्याच्या गाडीत बसवीन."

सिस्टरांनी मला विचारलं, "खरं का हे?" आयुष्यात पहिल्यांदा माझ्याबद्दल कोणीतरी खरं बोलत होतं आणि ते माझ्या सगळ्या थापांपेक्षा बरं होतं. मला एकही शब्द घालायला जागा सापडली नाही. मी मान हलवली.

मग आमोण्याला एका नारळाच्या व्यापाऱ्याकडे गेलो, गोपाळसाठी. इथे बोलायची पाळी माझी. मी बांध सोडला. हा गोपाळ डोळे बांधून घाट उतरतो. ह्याच्या टेंपोत अंडी ठेवा, पोचल्यावर पिल्लं निघतील, पण तडा जाणार नाही. ह्याला बघून दगडसुद्धा रस्त्यातून बाजूला होतात. व्यापारी नारळ हलवून बघत ऐकत होता.

"मला डोळे उघडे ठेवून उतरणारा पाहिजे," तो म्हणाला.

गोपाळ म्हणाला, "ह्याच्यातला एक पण खरा नाय."

व्यापाऱ्यानं पाठ फिरवली. तेव्हा मला भीती वाटली, स्वतःसाठी वाटली नव्हती तेवढी. गोपाळचं काम माझ्या तोंडानं चाललं होतं. मी म्हणालो, "शेट, ह्यानं आत्ता तुमच्यासमोर स्वतःचं काम घालवलं, खोटं नको म्हणून. तुमचे नारळ मोजायला दुसरा माणूस ठेवावा लागणार नाही." हे मी आयुष्यात बोललेलं सगळ्यात छोटं भाषण. व्यापारी परत वळला. मग त्यानं टेंपोची किल्ली खिळ्यावरून काढली.

घरी पोचलो तर फिलूनं वळकटी सोडून गादी उन्हात टाकली होती. मी म्हणालो, अजून सिस्टरांचं उत्तर यायचंय. ती म्हणाली, गादीला ऊन हवंच होतं.

हे बघून इतरांनीही तेच धरलं. कोणी स्वतःसाठी जाईना. दोघादोघांनी जायचं आणि एकमेकांसाठी बोलायचं. सगळ्यांना काम मिळालं असं सांगायचा मोह होतोय. नाही मिळालं. काहीजण गावी परतले, एक सावंतवाडीत रिक्षा चालवतो, दोघं लांब वाळवंटात गेले. पण परतणारेसुद्धा मान खाली घालून परतले नाहीत. त्यांच्याबद्दल कोणीतरी कुठेतरी उभं राहून चार शब्द बोललं होतं.

मी आता पोरं नेतो आणि आणतो. ओर बरं होतं हो, ते ओकत नव्हतं, भांडत नव्हतं, आणि "सांतानमामा, तुम्ही खरंच वाघाला लिफ्ट दिली होती?" असं विचारत नव्हतं. दिली होती, मी सांगतो, पण तो मागे बसला. एस्पेरान्सबाय आता फार म्हातारी झाली आहे. हाक मी मारतो, जवाबाला गोपाळ. तेर्स मात्र मी फिलूच्या शेजारी बसून म्हणतो आणि मध्येच डुलकी लागते, हे माय, तुला कळवून टाकतो.

तुमच्यातले जे दुबईला गेले, पुण्याला गेले, जे गावातच राहिले, ते सगळे मला कधी ना कधी विचारता: सांतान, तुझं घर आता कुठलं? मी तुम्हाला प्रत्येक वेळी वेगळं उत्तर दिलंय, कारण मला माहीत नव्हतं. परवा शाळेत सिस्टर निवृत्त झाल्या. निघताना त्यांनी मला थांबवलं आणि सांगितलं की त्या दिवशी मला कामावर घ्यायचं त्यांनी माझा साळिंदर ऐकून ठरवलं नव्हतं. मी बाहेर चपला घालत होतो तेव्हा त्यांनी गोपाळला मागे बोलावून विचारलं होतं, तू हिंदू, हा किरिस्तांव. तू दोडामार्गाचा, हा सावंतवाडीकडचा. तू ह्याचा कोण लागतोस?

गोपाळला प्रश्न कळला नाही म्हणे. तो म्हणाला, "कोण म्हंजे? आमचो असा तो."

मी घरी गेलो तर गोपाळ टेंपो धूत होता. मी बादली घेतली आणि पलीकडची बाजू धुवायला लागलो.